चार पिनचं मॉड्युल आणि जुन्या ट्रकच्या वायरी

इग्निशन मॉड्युल, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जायला लागलं की ते एका झटक्यात जात नाही, हाच त्याचा खरा त्रास. सकाळी इंजिन गार असताना गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, छान पळते, पिकअपच्या मागे सामान भरलेलं असलं तरी ओढते, आणि मग इंजिन व्यवस्थित तापलं की चालता चालता एकदम बंद. बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, अर्धा तास वाट बघायची, परत चावी फिरवली की जसं काही झालंच नाही अशी चालू. मग माणूस पेट्रोलवर संशय घेतो. फिल्टर बदलतो, फ्युएल पंप बदलतो, कार्बोरेटर उघडून साफ करतो, आणि दोन दिवस गाडी बरी चालते कारण हवा गार होती.

माझ्याकडचा ट्रक सत्तरच्या दशकाच्या शेवटचा आहे, सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, आणि आतल्या मडगार्डवर बसवलेला इग्निशनचा एक बंद डबा, ज्यातून रंगीबेरंगी वायरींचा झुबका बाहेर येतो. त्या डब्याच्या मागच्या बाजूला आत ओतलेलं डांबरासारखं काहीतरी वितळून बाहेर ओघळलेलं होतं. ते बघून माझा मित्र म्हणाला, "अरे सरळ आहे, नवीन डबा आण, प्लग लाव आणि मोकळा हो." बरोबर आहे त्याचं, दहा मिनिटांचं काम आहे. पण माझं मत जरा वेगळं आहे आणि ते मी इथे नीट लिहून ठेवतोय. मॉड्युल बऱ्याचदा स्वतःच्या दोषाने मरत नाही, त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरी, त्याचं अर्थिंग आणि त्याच्या पाठीची उष्णता हे तिघं मिळून त्याला मारतात, आणि ते तसंच ठेवून फक्त डबा बदलला तर नवा डबा पण त्याच वाटेने जातो.

आधी थोडं मागे जाऊ, कारण हे मॉड्युल नक्की करतं काय ते डोक्यात स्वच्छ नसेल तर वायरी जोडणं म्हणजे रंगाला रंग लावणं होतं. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एकीत जाड तारेचे थोडे वळसे, दुसरीत बारीक तारेचे साधारण शंभरपट. जाड गुंडाळीतून बॅटरीचा करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं, तो करंट अचानक तोडला की क्षेत्र कोसळतं, जाड गुंडाळीतच दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो आणि बारीक गुंडाळीत तो वीस-तीस हजार व्होल्ट होऊन प्लगकडे धावतो. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं इंडक्शन तेच, आणि ते गाडीत बॅटरीवर बसवलं चार्ल्स केटरिंगने, १९१० च्या कॅडिलॅकसाठी. त्याच्या पद्धतीत करंट तोडायचं काम पॉइंट करायचे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत कॅमवर उघडझाप करणारे दोन छोटे संपर्क. साठ वर्षं जग त्यावर चाललं. पण पॉइंट झिजतात, त्यांच्या तोंडावर खड्डे पडतात, कॅमवर घासणारा तुकडा झिजला की गॅप कमी होते आणि गॅप कमी झाली की ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, मागे सरकतं. म्हणजे ट्यूनिंग केल्या दिवसापासून गाडी हळूहळू बिघडतच असते.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात हे चालेनासं झालं. १९७० च्या क्लीन एअर अॅक्टनंतर धुराचे नियम कडक झाले, १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक कारमध्ये धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि एक प्लग जरी मिस मारत असला तरी न जळलेलं पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची वाट लावतं. त्यामुळे स्पार्क हजारो मैल न हलता एकसारखा पाहिजे ही गरज झाली. क्रायस्लरने १९७३ पर्यंत आपल्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन कायमचं केलं, जनरल मोटर्सचं एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) १९७५ ला सगळीकडे आलं, फोर्डही त्याच सुमाराला पॉइंट सोडून गेली. यात पिकअपची एक गंमतशीर बाजू आहे, ६,००० पौंडांच्या वर एकूण वजनाची गाडी असेल तर त्या वेळी तिला कन्व्हर्टरची सक्ती नव्हती, आणि फोर्डची एफ-१५० ही १९७५ ला त्या रेषेच्या जरा वर बसेल अशीच आणलेली गाडी. म्हणजे कन्व्हर्टर नसलेल्या पिकअपमध्ये पण कन्व्हर्टरसाठी आलेलं इग्निशन येऊन बसलं, आणि ते चांगलंच झालं.

तर मॉड्युल म्हणजे पॉइंटच्या जागी बसलेला ट्रान्झिस्टर. डिस्ट्रिब्युटरमध्ये कॅमऐवजी दातेरी चक्र फिरतं, त्याला रिलक्टर म्हणतात, शेजारी एक चुंबक आणि त्यावर गुंडाळलेली पिकअप कॉइल. दात जवळ येताना व्होल्टेज एका बाजूला चढतं, दात बरोबर समोर आला की झपकन शून्यातून खाली जातं आणि दात लांब जाताना परत शून्याकडे सावकाश येतं. मॉड्युल त्या झपकन खाली जाण्याची वाट बघतं आणि त्या क्षणी कॉइलचा करंट तोडतं. सहा सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमवर असताना हे सेकंदाला दीडशे वेळा होतं, आणि तेवढ्या वेगाला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरलेला असतो. ज्या गोष्टीत मिलिसेकंदाचा दहावा भागसुद्धा दोन अंशांचा फरक पाडतो तिथे लूज कॉन्टॅक्ट चालत नाही, इतकं साधं आहे.

मॉड्युलवर बोट दाखवण्याआधी पिकअप कॉइल तपासायची, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. व्हॅक्यूम अॅडव्हान्स (इंजिनच्या व्हॅक्यूमने टायमिंग पुढे सरकवणारा भाग) ज्या प्लेटला ओढतो त्या प्लेटवरच ती बसलेली असते, म्हणजे गाडी चालताना तिच्या वायरी सतत इकडेतिकडे वाकतात, आणि वर्षानुवर्षं वाकून आतला तांब्याचा धागा तुटतो पण वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं. मल्टिमीटर लावला की पाच-सातशे ओहम छान दाखवतो. मग व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघायची, प्लेट हलली की रीडिंग एकदम अनंतावर गेलं तर दोष तिथे आहे, मॉड्युल बिचारं निर्दोष. माझ्या ट्रकमध्ये ते स्थिर राहिलं. मग इंजिन आयडलवर ठेवून जुन्या डब्यावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडली, थोड्या वेळात इंजिन चावी काढल्यासारखं बंद झालं, आणि स्पार्क टेस्टरवर ठिणगी नाही. पेट्रोल संपल्यावर इंजिन आचके देत, खोकत बंद होतं. स्पार्क गेला की असं काही होत नाही, दिवा विझल्यासारखं सगळं थांबतं. हा फरक कानाला कळायला लागला की अर्ध्या चुकीच्या खरेद्या वाचतात.

नवीन म्हणून मी मूळ नमुन्याचा डबा न घेता एचईआयचं चार पिनचं मॉड्युल लावायचं ठरवलं. लहान आहे, कुठेही मिळतं, आणि त्याच्या आत करंट लिमिट असल्यामुळे बाहेर रेझिस्टर लागत नाही. चार पिना, बी म्हणजे बॅटरी, सी म्हणजे कॉइलची निगेटिव्ह, आणि डब्ल्यू व जी या पिकअप कॉइलच्या दोन वायरी. अर्थची पिनच नाही. अर्थ मिळतं ते स्क्रूच्या भोकातल्या धातूच्या बुशमधून, ज्या पत्र्यावर मॉड्युल बसवाल त्या पत्र्यात. माझ्या मते हे मॉड्युल लावणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात. रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रू आवळला की अर्थ मिळालं असं वाटतं, टेस्ट लॅम्प पण पेटतो. पण टेस्ट लॅम्प थोडासा करंट घेतो आणि इथे पाच अँपिअरच्या वर जाणार आहे, ०.२ ओहमचा गंज असेल तर एक व्होल्ट तिथेच खाल्ला. म्हणून अर्थ ओहममध्ये मोजायचंच नाही, इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून मॉड्युलच्या पाठीच्या पट्टीपर्यंत व्होल्ट मोजायचे. ०.१ च्या आत आलं की मला झोप लागते. मी स्क्रूखाली रिंगचा लग टाकून एक वेगळी काळी वायर थेट इंजिन ब्लॉकला नेली, कारण जुन्या ट्रकच्या बॉडीला आणि इंजिनला जोडणारी अर्थची पट्टी कुठे सडलेली असेल ते सांगता येत नाही.

आणि उष्णता. करंट लिमिटला पोचला की उरलेलं व्होल्टेज मॉड्युल स्वतः झेलतं. चौदा व्होल्ट चार्जिंग, अर्ध्या ओहमची कॉइल आणि साडेपाच अँपिअर धरले तर कॉइल पावणेतीन व्होल्ट घेते आणि बाकी अकराच्या वर मॉड्युलवर, म्हणजे त्या क्षणाला साठ वॅट. प्रत्येक चक्रात हा काळ छोटा असतो आणि मॉड्युल ड्वेल (कॉइलमध्ये करंट चालू राहण्याचा काळ) सांभाळून तो अजून छोटा करतं, तरी बोटाएवढ्या वस्तूला हे पुष्कळ झालं. म्हणून खाली पात्यांचं जाड अॅल्युमिनियम हीट सिंक पाहिजे, दोन्ही तोंडं सपाट पाहिजेत, मधे हीट सिंक पेस्टचा पातळ थर पाहिजे. पातळ म्हणजे पातळ, धातू जिथे धातूला टेकतो तिथे पेस्टची गरज नसते, ती फक्त खाचा भरायला असते. आणि हे सगळं एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब, जिथे रेडिएटरच्या बाजूने येणारी हवा लागेल तिथे. आतल्या मडगार्डची जुनी जागा मुळात त्यासाठीच निवडलेली होती, मी ती बदलली नाही.

मग वायरींकडे वळलो आणि तिथे खरा वेळ गेला. पन्नास वर्षांच्या जवळ आलेल्या हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप सोडवली की आधीच्या सगळ्या मालकांचं अक्षर वाचायला मिळतं. एका ठिकाणी टॅकोमीटरसाठी कोणीतरी कॉइलच्या निगेटिव्हवरून वायर चोरलेली आणि टॅकोमीटर काढताना ती तशीच उघडी सोडलेली, तिचं टोक पत्र्याला टेकलं की स्पार्क गायब. एका ठिकाणी दोन वायरी नुसत्या पिळून त्यावर टेप. आणि त्याच हार्नेसमध्ये एक सोल्डर इतका सुंदर, वर स्लीव्ह, स्लीव्हवर दोऱ्याने बांधणी, की तो मी कापू शकलो नाही, तिथून पुढे जोडलं. कोण होता माहीत नाही, पण त्याने हे दुसऱ्या कोणाला तरी परत उघडावं लागेल असं धरून केलं होतं. मला असं काम करणाऱ्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो, आणि हे काम करताना माझा मापदंड तोच सोल्डर होता.

फीडचं बघू. जुन्या गाड्यांत चावीपासून कॉइलपर्यंत एक रेझिस्टन्स वायर येते, दिसायला साधी वायर पण आत एक-सव्वा ओहमचा अडथळा, कारण जुन्या पद्धतीत कॉइलला पूर्ण बारा व्होल्ट सतत दिले तर ती जास्त तापायची. सेल्फ मारताना बॅटरी खाली बसते म्हणून तेवढ्यापुरती दुसरी एक वायर रेझिस्टर टाळून पूर्ण व्होल्टेज देते. (सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडली की बंद पडतं अशी तक्रार असेल तर हाच रेझिस्टर किंवा त्याची वायर तुटलेली आहे का ते आधी बघा, मॉड्युल नंतर.) एचईआयला मात्र कायम पूर्ण बारा लागतात. त्यामुळे मी रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टाकला, बॅटरीवरून फ्यूज, फ्यूजवरून जाड वायर रिलेच्या ३० ला, ८७ वरून बी पिनला आणि कॉइलच्या पॉझिटिव्हला, ८६ ला चावीचा इशारा आणि ८५ अर्थ. चावीच्या म्हाताऱ्या कॉन्टॅक्टवर आता पाच अँपिअरऐवजी रिलेचे दीड-दोनशे मिलिअँपिअर, त्यालाही विश्रांती. रिले म्हणजे बिघडू शकणारी अजून एक वस्तू असं म्हणणारे असतात, आणि त्यांचं अगदी चूक नाही, पण रिले डोळ्याला दिसतो, हाताला क्लिक कळतो आणि उपटून दुसरा बसवता येतो. डॅशच्या मागे अर्धवट जळलेल्या चावीच्या स्विचचं तसं नाही.

यात एक खरी धोक्याची जागा आहे. चावी स्टार्टवर नेली की बऱ्याच गाड्यांत रनची वायर बंद होते, त्यामुळे रिलेला रन आणि स्टार्ट दोन्हीकडून इशारा हवा, नाहीतर सेल्फ फिरतो पण स्पार्क नाही, आणि चावी सोडताना एखादी ठिणगी पडून इंजिन धक्का देतं. म्हणून लोक दोन्ही वायरी एकत्र पिळतात. असं करू नका. ती स्टार्टची वायर सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फ चालू करणाऱ्या स्विचला) पण जात असेल तर चावी रनवर आल्यावर करंट उलटा तिथे जाणार आणि चालू इंजिनवर सेल्फ अडकून राहणार. दोन्ही वायरींमध्ये एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), एक अँपिअरचा साधा, त्याच्यावरची पट्टी रिलेच्या बाजूला, की दोन्हीकडून इशारा येतो पण एकमेकांत मिसळत नाही. दोन डायोड सोल्डर करून, स्लीव्ह चढवून, रिलेच्या सॉकेटजवळ बांधले. सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान ह्या दोन दाण्यांनी दिलं, खरंच.

क्रिम्प (लग दाबून केलेला जोड) की सोल्डर ह्यावर माणसं भांडतात. माझं म्हणणं, इंजिनच्या बाजूला जिथे वायर हलते तिथे चांगला क्रिम्प आणि आत गोंद असलेली स्लीव्ह, कारण सोल्डर वायरीत वर चढतो आणि जिथे संपतो तिथे ती कडक वायर कंपनाने मोडते. जिथे वायर घट्ट बांधलेली आहे तिथे सोल्डर चालतो. आणि पिकअप कॉइलच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळून न्यायच्या, प्लगच्या वायरींपासून लांब, कारण सेल्फच्या मंद गतीला त्यात येणारा सिग्नल जेमतेम असतो आणि शेजारून वीस हजार व्होल्ट गेले तर मॉड्युलला खोटा दात दिसतो.

आता डब्ल्यू आणि जी. ह्या दोन वायरी उलट लागल्या तरी गाडी चालू होते, आणि हेच वाईट आहे. कारण उलट लावल्या की मॉड्युलला झपकन खाली येणारी बाजू न दिसता सावकाश उतार दिसतो, मग ते त्या उतारावर कुठेतरी ट्रिगर होतं, आणि ते कुठेतरी वेगाप्रमाणे सरकत राहतं. गाडी चालते, पण ओढत नाही, चढावर दमते, आणि माणूस परत कार्बोरेटर उघडतो. रंगांच्या तक्त्यांवर विसंबू नका, डिस्ट्रिब्युटर मधे कोणी बदलला असेल तर रंग खोटे. टायमिंग लाइट लावा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडलवर पुलीवरची खूण बघा. बरोबर जोडलं असेल तर खूण गोठल्यासारखी एका जागी थांबते. उलट असेल तर ती थरथरते आणि तिची जागा बरीच लांब असते. दोन्ही पद्धतीने जोडून एकदा बघितलं की आयुष्यभर विसरत नाही, मी मुद्दाम दोन्ही करून पाहिलं आणि मित्राला पण दाखवलं.

करताना एवढं पाळलंच पाहिजे: बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची, आणि स्पार्क बघायचा तर प्लगची वायर हातात धरून नाही, नीट अर्थ केलेला टेस्टर लावून. एचईआयचा झटका जुन्या पॉइंटच्या झटक्यापेक्षा फार वाईट असतो. शिवाय वायर हवेत मोकळी सोडून सेल्फ मारला तर त्या व्होल्टेजला जायला वाट राहत नाही, मग ते कॉइलच्या आत किंवा रोटरमधून वाट फोडतं आणि नवं मॉड्युल पहिल्याच दिवशी धोक्यात.

पहिल्या चावीला इंजिन लागलं. आयडल आधीपेक्षा गुळगुळीत, कारण आता कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतंय, आणि प्लगची गॅप थोडी वाढवून घेतली होती ती पण जळतेय. पण मी खूश झालो ते लांब चढावरून, भर उन्हात, मागे लोड घेऊन परत आल्यावर. बॉनेट उघडून हीट सिंकवर बोट ठेवलं, गरम होतं पण बोट टिकत होतं. अर्थचा ड्रॉप परत मोजला, ०.०४ व्होल्ट.

जुनी रेझिस्टन्स वायर मी कापली नाही, दोन्ही टोकं झाकून, त्यावर चिठ्ठी लावून हार्नेसमध्येच बांधून ठेवली, उद्या कोणाला मूळ पद्धतीवर जायचं असेल तर जाता यावं. उघडी पडलेली टॅकोमीटरची वायर पण नीट बंद करून तिच्यावर नाव लिहिलं. रिले, दोन डायोड, फ्यूज किती अँपिअरचा, चार पिनांचे रंग, इंजिनची फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, सगळं एका कागदावर काढून तो प्लॅस्टिकमध्ये घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. त्याच्यासोबत एक जादा मॉड्युल, पेस्टची छोटी ट्यूब आणि त्या दोन स्क्रूंना लागणारा पाना. मित्राने कागद वाचून एकच दुरुस्ती सुचवली, रिलेचं चित्र वरून बघितल्यासारखं काढलंय की पिनांच्या बाजूने ते लिही, आणि त्याचं बरोबर होतं, म्हणून ते पेनाने खाली लिहिलं: पिनांच्या बाजूने.